अहवाल म्हणतो ‘ठीक’, विहिरीला येतो पेट्रोलचा वास

वाचकांचे प्रश्न : विहिरी, बोअर आणि जमिनीखालचं पाणी. उत्तरं देणाऱ्या लेखिका भूजलतज्ज्ञ असून ठाण्यात राहतात.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमची सोसायटी पाचपाखाडीत आहे. आवारात जुनी दगडी विहीर आहे. तिचं पाणी आम्ही फ्लशला, झाडांना आणि गाड्या धुवायला वापरतो, पिण्याला नाही. यंदा पाऊस लागला आणि पंधरवड्यातच विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला. आता फ्लश केलं की बाथरूममध्येही वास येतो. रस्त्यापलीकडे साठ-सत्तर मीटरवर पेट्रोलपंप आहे. मालक सज्जन आहेत. त्यांनी स्वतःहून बोलावून डिपचं (टाकीत रॉड बुडवून रोज पातळी मोजतात, त्याचं) रजिस्टर दाखवलं, त्यात हिशेब जुळतो. आम्ही पाणी लॅबला दिलं. कोलिफॉर्म सोडलं तर पीएच, टीडीएस, हार्डनेस, ऑइल अँड ग्रीस, सगळं मर्यादेत आलं. प्लंबर म्हणतो, दोन दिवस मोटर लावून विहीर उपसून टाका, वास जाईल. कमिटीत दोन तट पडलेत : एक म्हणतो पंपावर केस करा, दुसरा म्हणतो अहवाल चांगला आहे, विषय संपवा. आणखी एक, लिफ्टच्या माणसाला खड्ड्यात उतरल्यावर तसाच वास आला म्हणे.
— सेक्रेटरी, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर : सेक्रेटरीसाहेब, जे वाक्य तुम्ही जाता जाता शेवटी लिहिलंत, तिथूनच सुरुवात करते. मासिक छापून येईपर्यंत ते तसंच ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. इतर वाचकांसाठी पुन्हा लिहिते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती उडून जात नाही, खाली बसते. लिफ्टचा खड्डा, स्टॅक पार्किंगचा खड्डा, तळघरातली पंपरूम, ड्रेनेजचं चेंबर या तिच्या आवडत्या जागा. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्क्यावर गेलं की एक ठिणगी पुरते, आणि ठिणगी पाडायला लिफ्टचा स्विच, पंपाचा स्टार्टर काहीही चालतं. म्हणून खड्ड्यात वास आला की पहिला फोन १०१ वर, अग्निशमन दलाला. त्यांच्याकडे स्फोटक वाफ मोजायचं यंत्र असतं. ते येईपर्यंत लिफ्ट बंद, पण खड्ड्याजवळचा स्विच खालीवर करून नव्हे; वीज लांबच्या मुख्य पॅनेलवरून तोडायची. विहिरीची मोटरही तशीच. आणि वॉचमनला बजावून ठेवा : काडी पेटवून विहिरीत डोकवायचं नाही. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात एप्रिल १९९२ मध्ये जमिनीखालच्या पाइपलाइनमधून पेट्रोल गळून ड्रेनेजमध्ये शिरलं. लोक काही दिवस वासाच्या तक्रारी करत होते. मग मैलोन्‌मैल रस्ते फाटले आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. तिथे पाण्याचा एक नवा पाइप पेट्रोलच्या लोखंडी पाइपाला खेटून टाकला होता, त्यानं पाइप गंजून भोक पडलं होतं.

आता पाणी. फ्लशला हे पाणी आजपासून बंद. पीत नाही म्हणून चालेल, हा हिशेब चुकीचा आहे. पेट्रोलमध्ये बेंझीन असतं, कायद्याने कमाल एक टक्का. बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो, याबद्दल शास्त्रात आता वाद नाही. फ्लशमध्ये पाणी घुसळलं की बेंझीन हवेत येतं आणि बंद बाथरूममध्ये माणूस तेच हुंगत बसतो. उकळणं हा तर उलटा उपाय. त्यानं ते स्वयंपाकघरभर होईल.

पालिकेच्या पाण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला तीच काळजी जास्त आहे. पेट्रोलमधले हे घटक काळ्या प्लास्टिक पाइपाच्या भिंतीतून आत झिरपू शकतात. पाइप फुटलेला असायची गरज नाही. शिवाय आपल्याकडे पाणी ठरावीक तास येतं. उरलेल्या वेळात पाइपात दाब नसतो आणि सांध्यांतून बाहेरचं आत खेचलं जातं. तुमचं कनेक्शन रस्त्याच्या ज्या बाजूने येतं ती बाजू बघा, आणि जमिनीखालच्या टाकीचं पाणीही तपासायला द्या. घरातल्या यूव्ही फिल्टरवर विसंबू नका, तो जंतूंसाठी असतो.

प्लंबरचं ऐकू नका. तो मनापासून सांगतोय, पण दोन दिवस मोटर लावलीत तर तुम्ही आजूबाजूचं सगळं भूजल स्वतःकडे ओढून घ्याल, त्यावर तरंगणाऱ्या पेट्रोलसकट. आज जे पेट्रोल रस्त्याखाली असेल ते तुमच्या पायाखाली येईल. उपसलेलं पाणी सोडणार कुठे? गटारात? मग शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला पत्र लिहितील.

आता तो अहवाल. या सदरात मी लॅबवर सहसा चिडत नाही, कारण लॅब विचाराल तेवढंच सांगते. तुम्ही पिण्याच्या पाण्याचं नेहमीचं पॅकेज विचारलंत. त्यातली ‘ऑइल अँड ग्रीस’ ही चाचणी कशी करतात ते बघा : पाण्यातलं तेल एका द्रावकात ओढून घेतात, मग तो द्रावक पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तापवून उडवून देतात आणि भांड्यात जो चिकट थर उरतो त्याचं वजन करतात. इंजिन ऑइल, ग्रीस, खानावळीचं तेल यांना ही चाचणी ठीक आहे. पेट्रोल मात्र त्या तापण्यातच द्रावकाबरोबर उडून जातं. राहिलं शून्य, अहवाल चांगला. त्यात नमुना मिनरल वॉटरच्या अर्ध्या भरलेल्या बाटलीत रिक्षातून नेला असेल, तर निम्मं काम वाटेतच झालं.

मागायच्या चाचण्या या : बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन, झायलीन (लॅबवाले या चौघांना मिळून ‘बीटेक्स’ म्हणतात), नॅफ्थलीन, एमटीबीई (पेट्रोलचा ऑक्टेन वाढवायला मिसळतात ते रसायन), आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, तेही पेट्रोलचा पट्टा आणि डिझेलचा पट्टा वेगवेगळा. एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का एवढंच विचारू नका, या चाचणीसाठी आहे का ते विचारा. नमुन्याच्या बाटल्या लॅबकडूनच घ्या : चाळीस मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या, आत थोडं आम्ल घातलेलं. त्या काठोकाठ भरायच्या. झाकण लावून उलटी केली की आत एकही बुडबुडा दिसता कामा नये, कारण बुडबुडा म्हणजे बेंझीनला पळायला मिळालेली खोली. मग बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला. सोबत शुद्ध पाण्याची एक बंद कुपी जाऊन-येऊन प्रवास करते. तिच्यात काही सापडलं तर नमुने वाटेत बिघडले असं समजायचं. ही कुपी नको म्हणणाऱ्या लॅबला नमस्कार करून दुसरी शोधा.

बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. मी कमिट्यांना नेहमी एक हिशेब करून दाखवते. एक लिटर पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त १० मिलिलिटर बेंझीन, म्हणजे पावणेनऊ ग्रॅम. ते सगळं विरघळलं तर जवळपास पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेला पोचतं. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत, अठ्ठ्याऐंशी टँकर. पेट्रोल मात्र एका लिटरचं. आणि नुसत्या बेंझीनचा वास पाण्यात नाकाला कळायला ते लिटरला काही मिलिग्रॅम असावं लागतं, मर्यादेच्या शेकडो पट. तेव्हा पुढेमागे ‘वास गेला, विषय संपला’ असं कुणी म्हणालं तर मान्य करू नका.

पंपाचं रजिस्टर. मालक सज्जन आहेत हे मी मान्य करते. गळती सज्जनपणा बघून होत नाही. पण रजिस्टर जुळतं यावरून गळती नाही असं ठरत नाही. वीस हजार लिटरची आडवी टाकी घ्या, व्यास दोन मीटर, लांबी साडेसहा. अर्धी भरलेली असताना डिप रॉडवर एक मिलिमीटर म्हणजे तेरा लिटर. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला होतात सव्वाचार लिटर, म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. सकाळी साडेसहाला रॉडवरची ओली रेघ बघून हा तिसरा हिस्सा वाचणारा माणूस मला अजून भेटायचाय. शिवाय दहा हजार लिटर पेट्रोल एका अंशाने थंड झालं की दहा-बारा लिटरनं आकसतं. नोझलला पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटर इकडे-तिकडे चालतं; महिन्याला लाख लिटर विकणाऱ्या पंपाला एवढ्यातच पाचशे लिटरची मुभा मिळाली. आपला थेंब महिन्याला सव्वाशे लिटर, वर्षाला दीड हजार. रजिस्टर त्याला सहज पोटात घालतं. टाकीत ऑटोमॅटिक गेज असेल तर परिस्थिती बरी असते, कारण पंप बंद असताना ते तासन्‌तास पातळीवर नजर ठेवू शकतं. रात्रीच्या त्या नोंदी मागा.

रजिस्टरमधला दुसरा एक रकाना मला जास्त बोलका वाटतो : टाकीच्या तळाशी किती पाणी. डिप रॉडच्या टोकाला पेस्ट लावतात, पाणी लागलं की तिचा रंग बदलतो. भोक दोन्ही बाजूंनी चालतं. उन्हाळ्यात भूजल टाकीच्या खाली असताना पेट्रोल बाहेर जातं. पावसाळ्यात भूजल टाकीच्या वर चढलं की पाणी आत येतं. जुलै-ऑगस्टमध्ये तळाच्या पाण्याची नोंद वाढत असेल आणि भरणीच्या तोंडाचं झाकण धड असेल, तर मी टाकी संशयित धरेन. एक पथ्य : आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. थोडं पाणी ते स्वतःतच मुरवून घेतं आणि साधी पेस्ट गप्प राहते. त्यामुळे ‘पाणी शून्य’ या नोंदीवर पूर्वीइतका भरवसा ठेवता येत नाही.

टाकीच गळते असंही नाही. माझ्या अनुभवात टाकीपेक्षा पाइप, पाइपाचे सांधे, भरणीचं तोंड आणि डिस्पेन्सरखालचा (गाडीत पेट्रोल भरायच्या मशीनखालचा) खड्डा जास्त वेळा दोषी निघतात. ज्या पंपावर टाकीत बुडालेली मोटर पेट्रोल ढकलते, तिथे पाइप दाबाखाली असतो. गळला तर थेंबाथेंबानं नाही, धारेनं. जुन्या पद्धतीत मशीन पेट्रोल खेचून घेतं, तिथे गळक्या पाइपात हवा शिरते आणि नोझल अडखळत चालतं. तिथल्या पोरांना सहज विचारा, कुठलं नोझल सकाळी ठसकतं. त्यांना माहीत असतं.

आता तपासणी. ठाण्यात पेव्हर ब्लॉकखाली मीटर-दोन मीटर भराव, मग मुरूम, मग झिजलेला खडक, मग काळा पत्थर. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. भराव-मुरूमातून ते खाली उतरतं, भूजलापाशी थबकतं आणि त्यावर पसरून सरकतं. पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला खाडी, म्हणून पाण्याचा ओढा ढोबळमानाने पूर्वेकडे. पण ढोबळमानानेच. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून चालतं आणि भेग नकाशा वाचत नाही. वीस मीटरवरची विहीर स्वच्छ आणि शंभर मीटरवरची खराब, असं होतं. दुसरी वाट माणसांनी केलेली : ड्रेनेज, केबल, पावसाळी गटार यांसाठी खोदलेले चर. चरात परत भरलेली माती मोकळी असते. त्यातून पेट्रोल आणि वाफ दोन्ही आरामात चालतात. लिफ्टच्या खड्ड्यात वास आलाय, म्हणून पंपापासून तुमच्या गेटपर्यंत असा चर येतो का, हे मी आधी बघेन. पालिकेच्या नकाशावर नसला तरी कुणा जुन्या मुकादमाच्या लक्षात असतो.

कामाचा क्रम साधारण असा : आधी कागद. आजूबाजूला पूर्वी काय होतं? गॅरेज, रॉकेलचं गोदाम, बंद पडलेला पंप, जनरेटरची डिझेल टाकी? मग जमिनीतली वाफ : पेव्हर काढून मीटरभर खोल बारीक भोकं पाडायची आणि वाफ मोजणाऱ्या यंत्रानं आकडे घेत जायचं. आकडे चढतात त्या बाजूला माग काढायचा. पावसात हे यंत्र दमट हवेनं बहकतं, म्हणून उघडीप बघून करतात.

मग निरीक्षण-नळ्या, म्हणजे भूजल बघायला जमिनीत बसवलेल्या उभ्या नळ्या. इथे सोसायट्या फसतात, कारण बोअरवाला म्हणतो, आपण दोनशे फूट मारू, पाणीपण मिळेल. नको. ताकदीचा कॉम्प्रेसर हवा मारत खाली जातो तेव्हा पेट्रोलची वाफ उडवतो, स्वतःचं तेल आत सोडतो, आणि वरची घाण खालच्या स्वच्छ भेगांपर्यंत पोचवायची वाट मोकळी करतो. शिवाय बोअरला वरच्या मुरूमात केसिंग घालतात, म्हणजे पेट्रोल जिथे तरंगतं तोच थर बंद. आपल्याला हव्यात उथळ नळ्या, किमान तीन, एका ओळीत नसलेल्या, आणि त्यांची जाळी (पाणी आत यायला चिरा असलेला भाग) भूजलाच्या पातळीच्या थोडी वर आणि थोडी खाली अशी. पातळी जाळीच्या वर गेली तर तरंगणारं पेट्रोल आत येणारच नाही आणि तुम्ही निश्चिंत व्हाल. नळीभोवती खडी, वर बेंटोनाइटचं (पाण्यानं फुगणाऱ्या मातीचं) बूच. तिन्ही तोंडांची उंची सर्व्हेयरकडून घेतली की पाणी कुठून कुठे वाहतं ते कागदावर येतं.

नळीत पारदर्शक बेलर सोडतात : हातभर लांबीची नळकांडी, तळाला गोळीचा व्हॉल्व्ह. हळूच सोडायचा, पूर्ण बुडू द्यायचा नाही, तसाच उचलायचा. उजेडात धरला की खाली गढूळ पाणी, वर वेगळा थर आणि मधे धारदार रेघ. ताजं पेट्रोल फिकट केशरी दिसतं. वर्षानुवर्षं मुरलेलं कोऱ्या चहासारखं. नळीत चार बोटं थर दिसला म्हणून जमिनीत चार बोटं आहे असं नाही, नळीत तो नेहमी फुगलेला दिसतो. किती लिटर गळलं याचा आकडा त्यावरून लगेच काढून देणाऱ्या सल्लागारापासून जपा.

पंपच दोषी असं ठरवण्याआधी हा थर गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर न्यायचा. पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल यांचे आलेख वेगळे येतात. वागळे इस्टेटजवळच्या एका कामात सगळी गल्ली पंपाकडे बोट दाखवत होती. आलेख आला तो डिझेलचा, आणि टाकी निघाली तक्रार करणाऱ्यांच्याच बागेखाली, जनरेटरची. वयाचाही अंदाज येतो. शिशाचं पेट्रोल देशात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. त्या शिशाचे अंश सापडले तर गळती त्याआधीची. उलट पाण्यात इथेनॉल सापडलं तर गळती ताजी, कारण जिवाणू ते पटकन फस्त करतात. त्या गडबडीत तिथला प्राणवायूही संपवतात, आणि मग बेंझीनचा समाचार घ्यायला कुणी उरत नाही. ते पुढे जातं.

वास पावसातच का? मेमध्ये भूजल खाली असतं, पेट्रोल त्याच्यामागे उतरत मातीच्या बऱ्याच जाडीला माखत जातं. पावसात पाणी चढतं, त्या माखलेल्या मातीत शिरतं, आणि अडकलेली वाफ वर ढकलतं. म्हणून तपासणी एका मोसमात संपवायची नाही. आता मोजा, ऑक्टोबरात मोजा, मेमध्ये पुन्हा मोजा. ऑक्टोबरात नळीतला थर वाढलेला दिसला तर नवी गळती म्हणून ओरड करायची घाई नको. पाणी उतरताना अडकलेलं पेट्रोल सुटून नळीत येतं.

कमिटीच्या दोन तटांसाठी एवढंच : केस आज नको, विषय संपवणंही नको. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे कार्यालयाला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. १९७४ च्या पाणी कायद्यानं विहिरीत प्रदूषक जाऊ द्यायला मनाई आहे, आणि भूजलही त्या कायद्याच्या कक्षेत येतं. तुम्ही घेतलेला नमुना ही तुमची माहिती. कोर्टात टिकणारा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्यानं नोटीस देऊन, दोन भाग करून घ्यावा लागतो. दुसरं पत्र पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेला, म्हणजे ‘पेसो’ला. पंपाचा साठवणुकीचा परवाना तिच्याकडून मिळतो. मुख्यालय नागपूरला असलं तरी आपलं कार्यालय सीबीडी बेलापूरला आहे. तिसरं तेल कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याला : टाकीची आणि पाइपांची गळती-चाचणी करून निकाल द्या. बहुतेक पंपांवर टाक्या कंपनीच्या असतात, डीलरच्या नाहीत. तेव्हा मालकांशी भांडण काढू नका, त्यांनाही पत्रावर सही करायला सांगा. खरंच सज्जन असतील तर करतील. तपासणीचा खर्च सोसायटीच्या सिंकिंग फंडातून करू नका. तो ज्याचं पेट्रोल त्याच्याकडून वसूल होतो, आणि नाहीच झाला तर हरित लवादाचं खंडपीठ पुण्यात आहे. भरपाईसाठी तिथे पाच वर्षांची मुदत असते. त्यासाठी आजपासून एक वही घाला : तारीख, विहिरीतल्या पाण्याची पातळी, वास, पाऊस.

प्रश्न : ऐरोली गावठाणात आमची घरची विहीर आहे. पाण्यावर सप्तरंगी तवंग येतो, वास काही नाही. मुलगा म्हणतो पेट्रोल आहे, आई म्हणते आधीपासून येतो. कोण बरोबर?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : बहुतेक आई. तवंगात काठी फिरवा. पापुद्रा काचेसारखा तुटला आणि तुकडे वेगळेच राहिले, तर ते लोहजिवाणूंचं काम. साचलेल्या, लोह असलेल्या पाण्यात नेहमीचं आहे, काठावर नारिंगी गाळही दिसेल. काठी काढल्यावर तवंग पुन्हा मिळून आला तर ते तेल, आणि मग वरचं उत्तर वाचा. फक्त विहिरीवरच्या मोटरचं ऑइल गळत नाही ना, ते आधी बघा.

प्रश्न : मॅडम, रबाळे एमआयडीसीत मी जुना गाळा घेतोय. टोकन दिलंय, करार व्हायचाय. मागची फरशी फोडताना लोखंडी झाकण लागलं, खाली टाकी आहे. शेजारी सांगतात, पूर्वी इथे बॉयलर होता. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, वाळू भरून काँक्रीट मारू. भंगारवाला म्हणतो, गॅस कटरनं कापून नेतो, वर पैसे देतो. टाकी रिकामीच आहे.
— लघुउद्योजक, रबाळे

उत्तर : भंगारवाल्याला आत घेऊ नका. बॉयलर म्हणजे बहुधा फर्नेस ऑइल किंवा हलकं डिझेल. त्यांचा भडकाबिंदू (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते तो) ६६ अंशांच्या वर, म्हणून लोक बिनधास्त असतात. पण कटरच्या ज्योतीखाली तळाचा गाळ तापला की वाफ धरते, आणि बंद टाकीत मग ठिणगीही तिथेच हजर. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, कारण आत वाफेला जागा असते. आत माणूस उतरवायचाच नाही. प्राणवायू किती आहे हे न मोजता टाकीत उतरलेले मजूर आणि त्यांना काढायला उतरलेले मजूर, अशा बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

वाळू-काँक्रीटनं टाकी गाडली जाईल, प्रश्न नाही. उद्या तुम्ही गाळा विकायला काढलात तर तो तुमच्या नावावर असेल. करार व्हायचाय हे तुमचं नशीब. विकणाऱ्याला लेखी कळवा आणि टाकी काढून जमीन तपासून मिळेपर्यंत सही थांबवा. टाकी काढण्याचा अनुभव असलेल्यांनाच बोलवा : उरलेलं तेल आणि गाळ उपसणं, निष्क्रिय वायूनं वाफ हाकलणं, यंत्रानं मोजणं, मग ज्योत न वापरता कापणं. गाळ हा २०१६ च्या नियमांखाली घातक कचरा आहे. तो तळोज्याच्या सामायिक केंद्रात पावतीनिशी जातो, मागच्या नाल्यात नाही.

टाकी उचलल्यावर खड्डा लगेच बुजवू देऊ नका, सगळी किंमत त्याच तासाभराला आहे. टाकीच्या दोन्ही टोकांखालून, भरणीच्या तोंडाखालून आणि बॉयलरकडे गेलेल्या पाइपाच्या प्रत्येक सांध्याखालून मातीचे नमुने घ्या. काळी पडलेली माती वेगळ्या ताडपत्रीवर काढा, वर झाकण घाला. पावसात उघडी ठेवलीत तर धुऊन पुन्हा खाली जाईल. खड्ड्यात पाणी लागलं तर त्याचाही नमुना. फर्नेस ऑइल घट्ट असतं, फार लांब जात नाही. हलकं डिझेल जातं, आणि तुमच्याकडे उतार पारसिकच्या डोंगराकडून खाडीकडे, म्हणजे पश्चिमेला. त्या बाजूच्या कुंपणापाशी एक उथळ नळी बसवायला सांगा. प्रदूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आलेत. टाकीचे, खड्ड्याचे, नमुन्यांचे फोटो तारखेसह ठेवा, लॅबचे अहवाल कराराला जोडा, आणि टोकन परत मागायचं की किंमत पाडून घ्यायची ते अहवाल हातात आल्यावर वकिलाबरोबर बसून ठरवा.